विमानाला दिवे लावताय? आधी सांगा, ते उभंय की उडतंय

मागच्या अंकात मी माझ्या १:१४४ च्या (म्हणजे खऱ्याच्या १४४ पट लहान) एअरबस ए३२० च्या मॉडेलला दिवे कसे लावले ते लिहिलं होतं, लाल-हिरवे पंखांच्या टोकांना, पांढरा शेपटीला, एवढंच. म्हटलं दोन-चार पत्रं येतील. आलीत ती बघून घरातले म्हणाले, आता हेच कर, स्वयंपाक आम्ही बघतो. (बघितला नाही कोणी.) सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण ज्यात बऱ्याच जणांचं अडलंय असे प्रश्न इथे घेतलेत.

प्रश्न : ताई, मी लाल, हिरवा आणि पांढरा असे तीन एलईडी एकत्र जोडले, सगळ्यांचे प्लस एका जागी, मायनस एका जागी, आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीला एक रेझिस्टर (करंट आवरणारा भाग) लावला. फक्त लाल पेटतो, बाकीचे दोन मेलेत. दुकानदाराने खराब माल दिला का? – एक वाचक, चिंचवड

नाही हो, माल चांगलाय, बिचाऱ्या दुकानदाराला शिव्या देऊ नका. लाल एलईडी काढून बघा, पांढरा लगेच पेटेल. पैज लावते.

होतं काय, की लाल एलईडी साधारण २ व्होल्टवर पेटतो आणि पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात, हल्लीच्या चकचकीत हिरव्यालाही तेवढेच. आता एका पिंपाला तीन तोट्या आहेत असं समजा, एक खाली आणि दोन वर, आणि पिंपात पाणी येतंय बारीक धारेनं. खालची तोटी उघडी असल्यावर पाणी वरच्या तोट्यांपर्यंत चढणारच नाही, आलं तेवढं खालूनच वाहून जाणार. लाल एलईडी ही ती खालची तोटी. तो सगळ्यांचं व्होल्टेज २ वर धरून ठेवतो आणि बाकीचे दोघं उपाशी.

म्हणून प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. हिशोब सोपाय, बॅटरीच्या व्होल्टमधून एलईडीचे व्होल्ट वजा करा आणि जेवढा करंट हवा त्याने भागा. नऊमधून दोन गेले सात, १० मिलिअँपिअर हवेत तर ०.०१ ने भागायचं, ७०० ओहम, बाजारात ६८० मिळतो, तो लावा. पांढऱ्याला ६०० येतात, त्यालाही ६८० चालून जातो. तिघांना एकामागे एक जोडलं तर चालेल का असं पुढे विचारणारच तुम्ही, तर दोन अधिक तीन अधिक तीन आठ होतात, नव्या बॅटरीवर पेटतील पण बॅटरी थोडी उतरली की सगळेच मंद, त्या भानगडीत पडू नका.

पण खरं सांगू का, १० मिलिअँपिअरसुद्धा फार आहेत. १:१४४ च्या विमानाच्या पंखाच्या टोकाला एवढा उजेड म्हणजे खऱ्या विमानाच्या पंखाला सर्चलाइट बांधल्यासारखं दिसतं. मी ३.३ किलोओहम लावते, दोन मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो आणि खोलीतला दिवा मालवला की बरोबर खऱ्यासारखा ठिपका दिसतो.

प्रश्न : माझ्या ए३२० ला मी सगळे लाइट लावलेत, लँडिंग लाइट, स्ट्रोब (पांढरे, लखकन चमकणारे), बीकन (लाल, लुकलुकणारा), खिडक्या, शेपटीवरचा लोगो पण उजळतो. चाकांवर उभं आहे, जिना लावलाय, खाली सामानाची ट्रॉली पण ठेवलीय. विमानतळावर काम करणारा मित्र घरी आला आणि बघून हसायला लागला. मी काय चुकवलं ते सांगतही नाही. – एक वाचक, डोंबिवली

मित्र बरोबर हसला. जिना लागलाय, माणसं चढतायत, खाली सामान भरणारी पोरं उभी आहेत आणि वर लाल बीकन लुकलुकतोय, स्ट्रोब मारतायत, लँडिंग लाइट सताड चालू! लाल बीकनचा अर्थच मुळी असा की इंजिन सुरू आहे किंवा आत्ता होणार आहे, जवळ येऊ नका. तुमच्या ट्रॉलीवाल्याने पळत सुटायला हवं होतं.

आपल्याकडे बहुतेकांचं इथेच चुकतं आणि सोल्डरिंगपेक्षा मला ही चूक जास्त खुपते. दिवे हाताशी आहेत म्हणून सगळे लावायचे आणि सगळे एकदम पेटवायचे, मग विमान न दिसता गणपतीची आरास दिसते. वायरला हात लावायच्या आधी ठरवा की तुमचं विमान कुठल्या क्षणाचं आहे.

गेटवर उभं असेल तर पंखांचे लाल-हिरवे आणि शेपटीचा पांढरा, हे नॅव्हिगेशन लाइट. ए३२० मध्ये यांचा आणि लोगोचा स्विच एकच असतो, म्हणजे रात्र असेल तर तुमचा उजळलेला लोगो चालेल, खिडक्याही चालतील. जिना-ट्रॉली गेली, विमान मागे ढकलायची वेळ झाली की बीकन. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून रनवेकडे चालत जाताना, पुढच्या चाकावरचा टॅक्सी लाइट. रनवेवर शिरलं की स्ट्रोब, आणि टेकऑफला लँडिंग लाइट. वर साधारण दहा हजार फूट ओलांडले की लँडिंग लाइट बंद करतात. आणि हो, पुढच्या चाकावरचे दिवे चाक आत गेलं की आपोआप विझतात, त्यामुळे स्टँडवर उडत्या पोझमध्ये, चाकं आत घेतलेल्या विमानाच्या नाकाखाली कोणी दिवा लावला असेल (मी पाहिलंय असं मॉडेल, प्रदर्शनात, पुढच्या टेबलावर) तर त्याला तुमच्या मित्राकडे पाठवा.

आता ब्लिंकचं. डोंबिवलीतच आहात तर एखाद्या संध्याकाळी घाटकोपरला कोणाच्या गच्चीवर जाऊन बसा, रनवे २७ वर उतरणारी विमानं डोक्यावरून जातात. एअरबसचा पांढरा स्ट्रोब टक-टक असा दोनदा मारतो, मग थांबतो, परत टक-टक. बोइंगचा सहसा एकदाच. एकदा हे लक्षात आलं की आवाज न ऐकता, रंग न बघता अंधारात ओळखता येतं, आणि मग आपल्या मॉडेलमध्ये ए३२० ला एकच टक असेल तर चैन पडत नाही. लाल बीकन मात्र निवांत, मिनिटाला ४० ते १०० च्या मध्ये कुठेतरी.

लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे, डावं-उजवं पायलटच्या बाजूनं. समोरून येणाऱ्या विमानाचा लाल तुमच्या उजव्या हाताला दिसतो, फोटो बघून जोडणारे इथे हमखास फसतात. आणि हे दिवे चारी बाजूंनी दिसत नाहीत बरं का. पंखावरचा प्रत्येक दिवा नाकाच्या सरळ रेषेपासून आपल्या बाजूला ११० अंशापर्यंत, आणि मागचा पांढरा उरलेल्या १४० अंशात. मॉडेल मागून बघितल्यावर लाल-हिरवा दिसत असेल तर एलईडीच्या मागच्या अंगाला काळ्या रंगाचा एक ठिपका द्या, बास.

प्रश्न : मी नववीत आहे. मला बीकन ब्लिंक करायचाय पण आर्डुइनो (प्रोग्रॅम टाकायचा छोटा बोर्ड) घ्यायला घरचे पैसे देत नाहीत. ५५५ या टायमर आयसीने होईल का? व्हॅल्यू सांगा प्लीज. – एक विद्यार्थी, कोल्हापूर

होईल की. आणि आर्डुइनो नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, एका लाल दिव्यासाठी आर्डुइनो म्हणजे चहा करायला भटारखाना.

आयसीची पिन ८ आणि ४ प्लसला, पिन १ मायनसला. प्लस आणि पिन ७ यांच्यात १०० किलोओहम, पिन ७ आणि ६ यांच्यात १० किलोओहम. पिन २ आणि ६ एकमेकींना जोड आणि तिथून मायनसला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याच्या अंगावर पांढरी पट्टी असते ती बाजू मायनसला, उलटा लावू नकोस. आता एलईडी. पुस्तकात बहुतेक ठिकाणी पिन ३ आणि मायनसच्या मध्ये एलईडी दाखवतात, तू तसं करू नको, तू प्लसपासून ४७० ओहम, मग लाल एलईडी आणि मग पिन ३ असं जोड. कारण या सर्किटमध्ये पिन ३ बराच वेळ चालू असते आणि अगदी थोडा वेळ बंद. पुस्तकासारखं जोडलंस तर दिवा पाऊण सेकंद पेटेल आणि जरासा विझेल, म्हणजे बरोबर उलटं. माझ्या पद्धतीने पिन बंद असते तेव्हा दिवा पेटतो, ०.०७ सेकंद, आणि पुढचा पाऊण सेकंद अंधार. मिनिटाला ७२ वेळा होतं, खऱ्या बीकनच्या मापात बसतं.

हे सगळं मोबाइलच्या जुन्या चार्जरवर, ५ व्होल्टवर चाललं पाहिजे. स्विच दाबल्यावर पहिला ब्लिंक यायला सव्वा सेकंद लागतो कारण कपॅसिटर रिकामा असतो, लगेच "चालत नाही" म्हणून सोडवायला बसू नको.

एअरबसचा टक-टक मात्र एका ५५५ ने सहज होत नाही. त्याला एटीटाइनी ८५ नावाची आठ पायांची चिप मिळते, साइजला ५५५ एवढीच, तिच्यात प्रोग्रॅम टाकावा लागतो. पुढच्या वाढदिवसाला माग.

प्रश्न : वडील ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात होते, मिग-२१ वर काम केलेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग रिटायर झालं तेव्हापासून त्यांच्यासाठी १:७२ चं करायचं मनात आहे, मागे आफ्टरबर्नर (इंजिनच्या मागची ज्वाळा) पेटलेला हवा. कसं करू? आणि वायर कुठून काढू? – एक वाचक, नाशिक

२६ सप्टेंबरला चंदिगडला निरोप दिला ना, मी टीव्हीसमोर बसले होते. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, आणि मॉडेल झाल्यावर खिळा कुठे चुकलाय ते ते पहिल्या मिनिटात सांगतील, मनाची तयारी ठेवा.

आफ्टरबर्नर हवा म्हणजे विमान उडतंच हवं, चाकं आत, स्टँडवर. हा निर्णय झाला की वायरचा प्रश्न पण सुटला. स्टँडला पितळी नळी वापरा, तिच्यातून दोन वायरी खाली लाकडी बेसमध्ये उतरवा, रेझिस्टर, स्विच, सगळा पसारा बेसच्या पोटात. विमानाच्या आत फक्त एलईडी. कधी बिघडलं तर विमान फोडावं लागत नाही.

उजेडाचं असं की दिवाळीत प्लॅस्टिकच्या पणत्या मिळतात ना, आतला दिवा थरथरतो त्या, तसल्या दोन विकत घ्या आणि फोडा. आतल्या एलईडीतच थरथरायची चिप असते, वेगळं काही करावं लागत नाही. पण नुसता तो लावलात तर आफ्टरबर्नरऐवजी देवघर वाटेल, ज्योत फार संथ हलते. म्हणून दोन थरथरणारे आणि त्यांच्यामध्ये एक निळा, स्थिर, आणि निळ्याला मोठा रेझिस्टर लावून अगदी मंद ठेवायचा. समोर बटर पेपरची गोल चकती, नळकांड्याच्या तोंडापासून सेंटिमीटरभर आत. चकती नसेल तर तीन वेगवेगळे ठिपके दिसतात आणि सगळी मजा जाते. ज्वाळा म्हणून कापूस चिकटवू नका, हात जोडते.

आणि रंग देण्याआधी मागच्या भागाला आतून काळा द्या, दोन हात, त्यावर आतल्या बाजूला चंदेरी. किटचं प्लॅस्टिक पातळ असतं, आत दिवा पेटला की अख्खी शेपूट शहाळ्यातल्या मलईसारखी उजळते. बाहेरून रंग दिल्यावर हे कळलं तर उपाय नाही. अंधाऱ्या खोलीत, रंगाच्या आधी, एकदा पेटवून बघायचं.

प्रश्न : मी सी हॅरियर करतोय, १:७२. पंखाच्या टोकाला एलईडी बसतच नाही, पंख पापडासारखा आहे. फायबर (उजेड वाहून नेणारा प्लॅस्टिकचा धागा) वापरू का? मागच्या वेळी फायबर वापरलं तर चिकटवलेल्या जागीच तुटलं. – एक वाचक, वास्को

वास्कोत राहून सी हॅरियर नाही करणार तर काय करणार, तिथल्या हंसा या नौदलाच्या विमानतळावरून २०१६ पर्यंत उडत होती ती. खऱ्याचे पंख ७.७ मीटर, म्हणजे तुमच्या मॉडेलचा एकूण पसारा पावणेअकरा सेंटिमीटर, त्यात टोकाची जाडी कितीशी असणार. ०४०२ साइजचा एलईडी मिळतो, एक मिलिमीटर बाय अर्धा, वायर जोडून आलेला मिळतो, पण तोही खाचा करून बसवावा लागेल आणि श्वास रोखून काम करावं लागेल. फायबरच घ्या, पाव मिलिमीटरचं.

तुटलं कारण तुम्ही सुपरग्लू लावला असणार. मीही लावला होता, पहिल्या फायबरला, चांगले दोन तास घालवून पंखात खाच कोरून बसवलेलं. दुसऱ्या दिवशी बोट लागलं आणि टक्क. सुपरग्लूने ते प्लॅस्टिक काचेसारखं ठिसूळ होतं, शिवाय त्याच्या वाफेने कॉकपिटची काच आतून धुरकट झाली ती वेगळीच. फायबरला पांढरा फेविकॉल नाहीतर दोन ट्यूबवाला इपॉक्सी. वेळ लागतो, लागू दे.

खाच पंखाच्या खालच्या अर्ध्या भागात आतल्या बाजूने कोरा, ब्लेडच्या पाठीने, धारेने नाही, धार भरकटते. फायबर खाचेत झोपवून टोकातून दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहू द्या. सगळं रंगवून झाल्यावर अगदी शेवटी तापलेली सोल्डरिंग आयर्न टोकाच्या जवळ न्या, लावायची नाही, नुसती जवळ. टोक आपोआप फुगून अळंबीसारखं होतं, इवलंसं, आणि तीच तुमच्या दिव्याची काच. एक सेकंद जास्त झालं तर गोळा होऊन पंखाला चिकटतो म्हणून आधी उरलेल्या तुकड्यांवर पंधरा-वीस वेळा करून बघा. मग त्यावर क्लिअर रेड आणि क्लिअर ग्रीनचा ठिपका, आत मात्र दोन्हीकडे पांढरा एलईडी. हिरव्यात निळ्या रंगाचा किंचित थेंब मिसळा. जुन्या विमानांत पिवळट उजेडाचे बल्ब असायचे, म्हणून त्यांच्या हिरव्या काचा निळसर ठेवत, बंद असताना तो मोरपंखी रंग दिसतो आणि जाणकार तिथेच ओळखतो की करणाऱ्याने खरं विमान जवळून पाहिलंय.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी जेआरडी टाटांच्या पुस मॉथ विमानाचं मोठं मॉडेल करतोय आम्ही, त्याला कोणते लाइट लावावेत? – एक शिक्षक, सातारा

सर, एकही नको. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबून जुहूला उतरले ते दिवसाउजेडी. अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आलं होतं म्हणतात, मुलांना करायचंच असेल तर ती बैलगाडी करायला सांगा शेजारी, लोक विमानाआधी ती बघतील. उजेड हवाच असेल तर वरून एक पिवळसर दिवा सोडा, दुपारच्या उन्हासारखा, तिरका, म्हणजे पंखाची सावली जमिनीवर पडेल.

प्रश्न : सगळं जमलं पण पॉवर बँकेवर लावलं की अर्ध्या मिनिटात बंद पडतं. परत बटण दाबलं की परत अर्धा मिनिट. – एक वाचक, पुणे

सर्किट उत्तम आहे, जरा जास्तच उत्तम. पॉवर बँकेला वाटतं फोन चार्ज होऊन गेला, इतका कमी करंट तुमचं विमान घेतंय, म्हणून ती झोपते. तिला जागं ठेवायला उगीच जास्त करंट जाळणारा रेझिस्टर लावतात काही जण, तो तापतो, बेसमध्ये कोंडू नका. त्यापेक्षा तीन पेन्सिल सेल घ्या, साडेचार व्होल्ट, दोन मिलिअँपिअरवाल्या पाच-सहा दिव्यांना आठवडाभर सहज पुरतात. बॉक्स बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास कुठल्याही दुकानात मिळेल, स्विचवाला मागा, बिनस्विचचा देतात आणि घरी आल्यावर कळतं.